ज्याची हरकत असेल त्यानं यावं

गुनव्हरचं कोणी खरं मानलं नाही. पोलिसांनी नाही, डॉक्टरांनी नाही, टेग्नांडर प्राध्यापकानं तर नाहीच नाही. सख्खी बहीणसुद्धा तोंडावर म्हणाली, "तू दमली होतीस गं तेव्हा." दमली होती म्हणे. जिचा जन्म लाकडाच्या वखारीत गेला, नवरा मेल्यावर जिनं एकटीनं घराचं छप्पर घातलं, तिला दमणं म्हणजे काय ते दुसऱ्यांनी सांगावं? आणि खोटंच बोलायचं असतं तर तिनं लोकांच्या गळी उतरेल असं काहीतरी निवडलं असतं. जे घडलं तेच ती सांगत राहिली. तिथंच तिचं चुकलं.

काम अगदी साधं होतं. एक खिळा ठोकायचा होता.

तिची एकुलती एक लेक इल्वा विद्यापीठात इतिहासावर काम करत होती. काम करता करता तिशी उलटली, पाठीला पोक आलं, आणि आता एकदाचा तिचा प्रबंध छापून आला होता. त्या विद्यापीठाची रीत अशी, की डॉक्टर होणाऱ्यानं आपला प्रबंध विभागाच्या जिन्याखालच्या जुन्या फळ्यावर स्वतःच्या हातानं खिळ्यानं ठोकायचा. मग तीन आठवडे तो तिथं टांगलेला राहतो. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावा, आणि ज्याची हरकत असेल त्यानं परीक्षेच्या दिवशी भर सभेत उभं राहावं. कोणीही यावं, कुठूनही यावं. हरकत घेणारा उभा राहिला की त्याचं समाधान होऊन तो खाली बसेपर्यंत उमेदवारानं उत्तरं द्यायची. त्याआधी सभा उठत नाही.

गुनव्हर नोव्हेंबरातल्या एका दुपारी आगगाडीनं आली. पिशवीत घरी लाटलेल्या पातळ भाकऱ्या आणि वाळवलेलं मांस. तीन वाजले होते आणि बाहेर अंधार झाला होता, उत्तरेकडच्या त्या मुलखात हिवाळ्यात होतो तसाच. जिन्याखाली विभागातले लोक कॉफीचे पेले घेऊन उभे. विभागाचा शिपाई फोल्के, लाल नाकाचा, तोंडाळ माणूस, त्यानं ठेवणीतला हातोडा इल्वाच्या हातात दिला.

"सावकाश, बाई," तो म्हणाला. "गेल्या खेपेला एका विद्वानानं अंगठाच ठोकला होता. पुस्तकावर रक्त, आणि म्हणे संशोधन जिवंत आहे."

लोक हसले. इल्वा हसली नाही. तिनं खिळा पुस्तकाच्या कोपऱ्यावर धरला, हातोडा उचलला, आणि तिचा हात असा थरथरायला लागला की खिळा खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"आण इकडं," गुनव्हर म्हणाली. तिला लोकांचं ते बघत राहणं सोसवेना. पोरीच्या हातातून हातोडा घेतला आणि दोन घावांत खिळा डोक्यापर्यंत बसवला. फळा दणाणला.

"वा," इल्वाचा मार्गदर्शक टेग्नांडर प्राध्यापक म्हणाला. उंच, गोरा, गळ्याला रेशमी रुमाल. "हेगस्ट्रोमबाईंच्या हाताला सवय दिसते."

"जिनं लिहिलं तिनंच ठोकायचा असतो," फोल्के पुटपुटला. पण तोवर केकची कापाकापी सुरू झाली होती.

सगळे गेल्यावर गुनव्हर मफलर शोधत पुन्हा जिन्याखाली आली. मफलर फळ्याच्या पायाशीच पडला होता. ती वाकली, आणि तिच्या कानाजवळ, फळ्याच्या आतल्या अंगानं, कोणीतरी ठोकलं. दोन घाव. तिनं जसे घातले होते तसेच.

इल्वाच्या भाड्याच्या खोलीत त्या संध्याकाळी मायलेकी भाकरीला लोणी लावत बसल्या होत्या. गुनव्हरनं सरळ विचारलं, "हात का कापत होता तुझा?"

"झोप नाही झाली, आई."

"झोप मलाही नाही. माझा कापला?"

इल्वानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेवून दिला. मग हळूहळू बोलली.

प्रबंध होता शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळावर. उत्तरेकडच्या एका गावातल्या गरीबघरात अनाथ मुलं ठेवली होती. झाडाच्या सालीची भाकरी खाऊन सगळी अर्धमेली, त्यात तापाची साथ आली. एका थंडीच्या दिवशी कोणीतरी गरीबघराचं दार बाहेरून खिळे ठोकून बंद केलं. ताप गावात येऊ नये म्हणून. सकाळपर्यंत आतली मुलं गारठून मेली. दाराबाहेर बर्फात त्यांना सांभाळणारी बाई सापडली, काय्सा-ब्रिता नावाची. तीही मेलेली, मुठीत हातोडा. हात दांड्याला असा चिकटलेला की सोडवता आला नाही, तसाच पुरला.

"तिनं ठोकलं?" गुनव्हरनं विचारलं.

"कोणालाच माहीत नाही. गावानं कधी कोणाचं नाव घेतलं नाही. ठोकायला आली असेल... किंवा उपटायला."

"मग तू काय लिहिलंस?"

इल्वानं मोडलेला तुकडा पुन्हा उचलला. "मीही तेच लिहिलं होतं, की माहीत नाही. टेग्नांडर सरांनी तीनदा परत पाठवलं. म्हणाले, दार बंद झालंय तर बंद करणारा हवा. नाव दे, नाहीतर आणखी दोन वर्षं बस. माझ्यात दोन वर्षं राहिली नव्हती गं. मी तिचं लिहिलं."

"हातोडा होता म्हणून?"

"हातोडा होता म्हणून."

गुनव्हरनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते. या पुस्तकानं पोरीला खाल्लंय, तिच्या मनात आलं, आता पदवी एकदाची हातात पडू दे आणि हिला घरी घेऊन जाऊ दे. तिला तेवढंच हवं होतं. शेवटपर्यंत तेवढंच हवं होतं.

त्यानंतर ती रोज दुपारी इल्वासाठी सुपाचा डबा घेऊन विभागात जायची. जिन्याखालून गेल्याशिवाय वर जाता येत नसे. आणि रोज फळ्यातून आवाज यायचा. आधी दोनच घाव. पुढं पुढं ठोकण्यात घाई आली, आवाज खालून येऊ लागला, लहान मुलाचा हात पोचेल इतक्या खालून. मग ठोकणं थांबलं आणि खरवडणं सुरू झालं. जिन्याखाली एक वास धरला होता, ओल्या लोकरीचा आणि करपलेल्या सालीचा. पुस्तक दरवेळी शेवटच्या पानावर उघडलेलं असायचं. ती मिटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं.

"याच्या मागं काय आहे?" तिनं फोल्केला विचारलं.

"भिंत."

"भिंतीमागं?"

"नदी. गोठलेली. का, पोहायला जायचंय?"

"आवाज येतो."

फोल्के तिच्याकडं बघत राहिला. मग खोलीत जाऊन तिच्यासाठी कॉफी घेऊन आला, एवढं मात्र केलं. "बाई, परीक्षा लेकीची आणि घोर आईला, हे आम्ही दर वर्षी बघतो. प्या."

इल्वालाही ऐकू येत होतं. गुनव्हरला शंका नव्हती. जिन्याखालून जाताना पोरगी मोठमोठ्यानं काहीतरी बोलायची, हवेबद्दल, बसबद्दल, उगाच. एकदा गुनव्हरनं तिचं मनगट धरून तिला फळ्यासमोर थांबवलं.

"ऐक."

"काही नाहीये, आई."

"मग रडतेस कशाला?"

इल्वानं हात सोडवून घेतला आणि वर निघून गेली.

मग गुनव्हर टेग्नांडरच्या खोलीत गेली. दार न ठोठावता. त्याच्या टेबलावर मेणबत्ती, पुस्तकांच्या चळती, दालचिनीचा पाव.

"शेवटचं पान काढून टाका," ती म्हणाली.

"बसा, हेगस्ट्रोमबाई."

"मी उभी बरी आहे. पोरीला स्वतःलाच ते पटत नाही. तुम्ही लिहायला लावलंत. आता फळ्यातून ती बाई ठोकतेय."

टेग्नांडरनं पाव खाली ठेवला, बोटं पुसली. "जुनी इमारत आहे. थंडीत लाकूड बोलतं."

"लाकूड मला सांगू नका. लाकूड तडकतं. थांबून थांबून, कोणी दार उघडतंय का ते ऐकत, ठोकत नाही."

"पुस्तक एकदा ठोकलं की त्यातलं अक्षर हलत नाही. तशी रीत आहे." तो हसला, आणि हसणं वाईट नव्हतं, तेच गुनव्हरला जास्त लागलं. "आणि असं बघा, त्या बाईला जाऊन शंभर वर्षं झाली. तिचं काय जाणार आहे? ती काही हरकत घ्यायला येत नाही."

गुनव्हर खाली आली ती तडक फळ्यापाशी. दोन्ही हातांनी पुस्तक धरून ओढायला लागली. पोरगी वाचली पाहिजे, मग पदवी राहो नाहीतर जावो. खिळा हलेना. तिनं बसवलेला खिळा दुकानातला होता, गोल, चकचकीत. आता तिथं काळा, चौकोनी डोक्याचा, लोहारानं हातानं घडवलेला खिळा होता. तिनं बोट लावलं तर बोट गारठून चिकटलं, कातडं सोलून निघालं.

"अहो बाई, बाई." फोल्केनं तिला मागं खेचलं. "हे फाटलं तर तुमच्याच पोरीचं सगळं रद्द होईल. वेड लागलंय का?"

जिन्यात दोनचार लोक थांबून बघत होते. गुनव्हरनं बोट तोंडात घातलं आणि निघून गेली. पुढं त्या सगळ्यांना ते बरोबर आठवलं.

परीक्षेचा दिवस उजाडला म्हणायचं, पण उजेड असा नव्हताच. सभागृहात झुंबर लावलं होतं. गुनव्हर पहिल्या रांगेत बसली, लग्नातला काळा पोशाख घालून. इल्वा व्यासपीठावर, समोर पाण्याचा पेला. बाहेरून आलेल्या परीक्षकानं कितीतरी वेळ प्रश्न विचारले, आणि पोरगी बोलत गेली. शांत, नेमकं, एकही शब्द न अडखळता. गुनव्हरला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तिचा ऊर भरून आला. माझी आहे ही, तिला वाटलं. वखारीतल्या बाईची पोरगी आहे.

मग टेग्नांडर उभा राहिला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "सभेतून कोणाची हरकत आहे?"

विचारलं तेही नुसतं विचारायचं म्हणून. लोक कोट सावरायला लागले होते.

मागून बाक करकरला. गुनव्हर वळली. शेवटच्या रांगेत एक बाई उभी होती. राखाडी शाल, झगा गुडघ्यापर्यंत ओला. गावाकडची कोणीतरी उशिरा आली असेल, असं गुनव्हरला आधी वाटलं. चेहरा भयंकर वगैरे काही नव्हता. दमलेल्या कोणत्याही बाईचा असतो तसा होता. फक्त तिचे हात पांढरे, सुजलेले, आणि बोटांना नखं नव्हती.

"हो..." इल्वा म्हणाली. "आपण बोला."

सगळ्यांनी मागं बघितलं. मग एकमेकांकडं.

बाईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, निदान गुनव्हरला तरी आला नाही. तिला ऐकू आली ती फक्त पोरीची उत्तरं.

"शेवटच्या प्रकरणात. हो. मी लिहिलंय."

"...नाही. मी पाहिलं नाही."

"...कोणीच पाहिलं नाही."

"...कारण नाव लागतं. नावाशिवाय पूर्ण होत नाही."

सभागृहात कोणीतरी खोकलं. इल्वानं व्यासपीठाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"मग कोणाचं लिहू? ...तुम्हीच सांगा ना... मी कोणाचं लिहू?"

टेग्नांडर पुढं झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उमेदवार दमल्या आहेत. साहजिक आहे. सभेतून हरकत नाही, तेव्हा सभा संपली असं मी..."

"ती बसली नाही अजून," गुनव्हर म्हणाली. ती उभी राहिली होती.

"कोण?"

"मागं. ती उभी आहे. ती बसेपर्यंत संपवता येत नाही, तुमचीच रीत आहे ना?"

कोणीतरी तोंडावर हात धरून हसलं. टेग्नांडरनं लाकडी हातोडी टेबलावर आपटली. सभा संपली. गुनव्हरनं पुन्हा वळून पाहिलं तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता, आणि तिला तेच सगळ्यात वाईट वाटलं. ती बाई बसली नव्हती. गेली होती.

खालच्या दालनात कॉफी आणि केक होता. इल्वाला डॉक्टर ठरवलं होतं, लोक तिचे हात हातात घेत होते. तिचा चेहरा कागदासारखा. "आई, मी वर माझ्या कामाच्या खोलीत जाऊन बूट बदलून येते. पाय गार पडलेत."

"मी येते."

"दोन मिनिटांचं काम, आई."

गुनव्हर निघालीच होती, पण टेग्नांडर आडवा आला. तिचा हात धरून तो बोलत राहिला, अभिनंदन, कष्टांचं चीज, आजचं काही मनावर घेऊ नका. त्याच वेळी वरून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक. सबंध इमारत दणाणत होती.

"हे काय चाललंय?" गुनव्हर म्हणाली.

"कुठं काय?" टेग्नांडर म्हणाला.

तिनं हात हिसडला आणि धावली. जिन्यावर दिवे होते, वरच्या बोळात नव्हते. थंडी अशी की श्वास घशात अडकला. तोच वास, ओली लोकर, करपलेली साल. शेवटची खोली इल्वाची. दाराच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत काळे चौकोनी खिळे ठोकलेले होते. बोळात कोणी नव्हतं.

"इल्वा."

"आई?" आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "आई, ती गेली का?"

"कोणी नाहीये इथं. दार ढकल, बाळा. मी इकडून ओढते."

"ढकलता येत नाही... जागा नाही. मुलं आहेत."

"कोण?"

"मुलं, आई. खूप आहेत. सगळी मला चिकटून बसलीत." मग थांबून, समजुतीच्या स्वरात, "त्यांना थंडी वाजतेय गं."

गुनव्हरनं खांदा लावला. दार हललं नाही. ती खाली धावली, फोल्केच्या खोलीतून तो ठेवणीतला हातोडा उचलला, त्याच्या मागच्या बाजूला खिळे उपटायची खाच होती. पुन्हा वर. एकेक खिळा ती उपटायला लागली. प्रत्येक खिळा किंचाळत निघत होता, आणि आतून इल्वा बोलत होती, हळू, आणखी हळू, आता आईशी नाही, अंगाई म्हणावी तसं काहीतरी. गुनव्हरचे हात दांड्याला चिकटले होते. तिला ते सोडवायचे नव्हतेच. शेवटचे थोडेच खिळे राहिले तेव्हा आतला आवाज थांबला.

"बोल," गुनव्हर म्हणाली. "बोलत राहा, पोरी. आलेच मी... आलेच."

मागं दिवा लागला. जिन्याच्या तोंडाशी टेग्नांडर, फोल्के, त्यांच्यामागं हातात कॉफीचे पेले धरलेले लोक. त्यांना दिसलं ते एवढंच, की दाराला खिळे ठोकलेले आहेत आणि एक बाई हातोडा उगारून दारासमोर उभी आहे.

फोल्केनं लाथेनं दार तोडलं. आत खोली उबदार होती. खोली तापवणाऱ्या लोखंडी पाइपातून गरम पाणी वाहत होतं, खिडकी बंद, टेबलावरच्या कुंडीत फूल उमललेलं. इल्वा कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, केसांत हिमकण, ओठ निळे. दोन्ही हात तिनं पसरून धरले होते, खूप जणांना कुशीत घेताना धरावेत तसे. आणि तिच्या स्कर्टला दोन्ही बाजूंनी, खालपासून, लहान लहान मुठींनी धरल्याच्या चुण्या पडलेल्या होत्या.

पुढं काय व्हायचं ते झालं. पोलिसांनी खिळे गोळा केले तेव्हा ते साधे निघाले, गोल डोक्याचे, फोल्केच्या डब्यातले. गुनव्हर म्हणाली, काळे होते, चौकोनी होते. लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, भीतीनं पडू शकतं. टेग्नांडरनं सांगितलं की या बाई पहिल्यापासून प्रबंधाच्या विरोधात होत्या, फळ्यावरून फाडायला निघाल्या होत्या, सभेतही ओरडल्या. आणि हातोड्याची सवय तर साऱ्यांनी पाहिली होती.

"तू तरी सांग," गुनव्हर फोल्केला म्हणाली. "मी उपटत होते."

"मी पाहिलं ते सांगितलं, बाई. हातोडा तुमच्या हातात होता."

"उपटत होते की ठोकत होते?"

फोल्केनं नजर वळवली. "पाठमोऱ्या होतात तुम्ही."

पुरावा पुरा पडला नाही म्हणून तिला तुरुंगात घातलं नाही. मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवलं, कितीतरी वर्षं. तिथं तिनं खिळ्यांचं सांगणं कधी सोडलं नाही, त्यामुळं त्यांनीही तिला सोडलं नाही. शेवटी म्हातारी झाल्यावर गावी पाठवलं. कोणी तिला गुन्हेगार म्हटलं नाही. कुठं नाव लिहिलं नाही. बायका दुकानात ती आली की बोलायच्या थांबत, एवढंच.

एका हिवाळ्यात तिला खोकला धरला. दिवसचे दिवस अंथरूण सुटेना, आणि मग एका सकाळी खोकला अचानक थांबला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ती उठली, शाल घेतली, बर्फातून चालत स्थानकावर गेली आणि गाडीत बसली. तिकीट कोणी मागितलं नाही. कुठं जायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं.

विभागाच्या दारातून लोक आत शिरत होते. फोल्के, पांढऱ्या केसांचा, सगळ्यांना दार धरत होता. तिच्या तोंडावर त्यानं ते सोडून दिलं. ती आत आली. जिन्याखाली फळ्यावर नवं पुस्तक होतं, या विद्यापीठातल्या परीक्षांच्या रिवाजांवर, टोर्केल नावाच्या तरुणानं लिहिलेलं. टेग्नांडरचा शेवटचा विद्यार्थी. पुस्तक शेवटच्या पानावर उघडलेलं होतं, इल्वाच्या परीक्षेच्या दिवसावर. तिनं ते वाचलं. मग बोटाचा सांधा फळ्यावर आपटला. पलीकडून कोणीतरी तसंच परत ठोकलं.

सभागृहात झुंबर लागलं होतं. ती शेवटच्या रांगेत गेली. तिथं राखाडी शालीतली बाई आधीपासून बसली होती. ती काही बोलली नाही. थोडी सरकली, आणि गुनव्हरला जागा करून दिली. गुनव्हरनं आजूबाजूला पाहिलं, रांगेरांगेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं. तिला इथं आणखी एकजण भेटेल असं वाटलं होतं. इल्वा कुठंच नव्हती.

परीक्षकाचे प्रश्न संपले. टेग्नांडर, आता काठी टेकत, उभा राहिला.

"सभेतून कोणाची हरकत आहे?"

गुनव्हर उभी राहिली. बाक करकरला. एकाही माणसानं मागं वळून पाहिलं नाही. फक्त व्यासपीठावरचा तो पोरगा, त्याच्या हातातला पेला मध्येच थांबला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"हो..." तो म्हणाला. "आपण बोला."

"दार कोणी बंद केलं?" गुनव्हरनं विचारलं.

टोर्केलनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, पण त्याला पानाकडं बघावं लागलं नाही. तो तिच्याकडं बघत होता. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका स्पष्ट होता.

"गुनव्हर हेगस्ट्रोम."